शेडमधलं ६९७

कामठ्याच्या आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात लाकडी ठोकळ्यांवर ट्रकचं एक इंजिन ठेवलेलं आहे. टाटाचं, ६९७. घरी येणारा पाहुणा कधी ना कधी विचारतोच, हे इथे कशाला ठेवलंय? भंगारात दिलं तरी बरे पैसे येतील. मी हसून विषय बदलतो. आज सांगतो.

ते इंजिन एका बोटीत बसणार होतं. बसलंही होतं. नऊ दिवस बसलं आणि मग अब्बांनी ते काढलं. त्या नऊ दिवसांमुळे आमच्या घरात पंधरा वर्षं एक गोष्ट कुणी बोलायचं नाही, असं ठरून गेलं होतं.

अब्बा डिझेल मिस्त्री. गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा, आणि धान म्हटलं की राइस मिल आली. वीज भरवशाची नव्हती तेव्हा मिल आणि पिठाच्या चक्क्या ऑइल इंजिनवर चालायच्या. किर्लोस्करची, राजकोटकडची. अब्बांचं अर्धं आयुष्य त्यांच्यात गेलं, उरलेलं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये. एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत, ट्रॅक्टरचं चक्कीला, चक्कीचं पाण्याच्या पंपाला, हे त्यांच्यासाठी रोजचं काम होतं. शाळा चौथीपर्यंत. पण इंजिन चालू करून हात ठेवला की कोणत्या सिलिंडरचं नोझल खराब आहे ते सांगायचे.

आपल्या समाजात अशी माणसं गावोगावी आहेत. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त असल्याची नोंद आहे. त्या कोरड्या वाक्याचा अर्थ मला तरी आमच्या अंगणात दिसतो. नोकरी नव्हती म्हणून हाताला जे आलं ते शिकलेली, आणि इतकं नीट शिकलेली माणसं, की लोकांनी त्यांना उस्ताद म्हणावं. कागद मात्र एकही नाही.

भाईजान माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. त्यांना अब्बांसारखं काळ्या तेलात आयुष्य काढायचं नव्हतं. २००९ च्या पावसाळ्यात त्यांच्या डोक्यात बोट आली. आमच्या भागाला तलावांची कमी नाही. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे तलाव. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक थोडक्यात मामा तलाव म्हणतात. नवेगावबांधला लोक बोटिंगला जातात, मग दुसऱ्या एखाद्या तलावावर का नाही? जिल्ह्यातल्याच एका तलावाजवळ त्यांनी एका ओळखीच्या माणसाबरोबर भागीदारी केली. चोवीस फुटांची लोखंडी बोट बनवून घेतली. वीस माणसांची बाकं, वर पत्र्याचं छत, छताला झालर. निळा-पांढरा रंग. अम्मीचे कंगन गहाण पडले ते याच बोटीसाठी.

बोटीचं खास इंजिन महाग. आणि भाईजान मिस्त्रीचे मुलगे. त्यांनी एका अपघातातल्या ट्रकचं इंजिन गिअरबॉक्ससकट स्वस्तात उचललं. इंजिन चांगलं होतं, हे अब्बाही मान्य करायचे. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. नावातच माप. मर्सिडीजच्या सहकार्याने १९५४ पासून टाटांचे ट्रक बनू लागले, त्या परंपरेतलं हे इंजिन. या इंजिनांनी हिंदुस्थानभर किती माल ओढला असेल त्याला मोजदाद नाही.

"ट्रकमध्ये दहा टन ओढतं," भाईजान म्हणाले. "वीस माणसं काय चीज आहे?"

हा प्रश्न वेडेपणाचा नव्हता, हे आधी सांगतो. ट्रकचं इंजिन बोटीत घालणं ही काही फक्त आपल्याकडची जुगाडाची कल्पना नाही. अमेरिकेत १९३८ मध्ये डेट्रॉइट डिझेलचं ६-७१ नावाचं इंजिन आलं. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. तेही नावातच माप. पुढे तेच ट्रकांत आणि बसमध्ये चाललं, आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हजारो बोटींत बसलं. आपल्या किनारपट्टीवरही मासेमारीच्या नौकांवर अशोक लेलँडची ट्रकच्या घराण्यातली इंजिनं सर्रास दिसतात. तेव्हा प्रश्न ट्रकचं इंजिन पाण्यात चालतं का, हा नाहीच. ट्रकचं इंजिन बोटीचं व्हायला त्यात काय काय बदलावं लागतं, हा खरा प्रश्न. ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. अब्बांनाही नाही.

इंजिन बसलं. चेनपुली लावून, चार दिवस खपून, अब्बांनी आणि भाईजाननी मिळून बसवलं. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा तलावाच्या काठावर शंभरेक माणसं जमली होती. भाईजाननी पेढे वाटले. उद्घाटन २६ जानेवारीला ठरलं. पाहुणे ठरले, पत्रिका छापल्या.

पहिल्या फेरीत आम्ही चौघंच होतो. बोट चालली, छान चालली. पण दहा मिनिटांत पाणी गरम. काटा लाल रेघेवर. इंजिनवर लाकडी पेटी होती, आत रेडिएटर आणि पंखा. ट्रक रस्त्यावर धावतो तेव्हा समोरून वारा येतो. इथे पंखा पेटीतली गरम हवाच पुन्हापुन्हा फिरवत होता. सायलेन्सरचा पाइप इतका तापला की शेजारच्या बाकाची फळी काळी पडली. अब्बांनी इंजिन बंद केलं. वल्ही मारत काठावर आलो.

त्या रात्री अब्बांनी मामूंना फोन केला.

मामू, म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ, तरुणपणी मुंबईला गेले ते दारूखान्यात राहिले. नावावर जाऊ नका, ते दारूगोळ्यावरून पडलंय. रे रोड स्टेशनजवळची ती वस्ती जहाजं तोडण्यासाठी आणि भंगारासाठी प्रसिद्ध. मामूंनी तिथे आधी भंगार फोडलं, मग बंदरातल्या लाँचवर इंजिनं बसवायला लागले. तीस वर्षं तेच केलं. विदर्भ एक्स्प्रेसने ते गोंदियाला उतरले, चहा घेतला आणि थेट तलावावर चला म्हणाले.

बोट पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अब्बांशेजारी बसून एकेक गोष्ट सांगू लागले. घरात आम्ही हिंदीच बोलतो, मी त्यांचं म्हणणं मराठीत मांडतोय.

पहिलं म्हणजे थंडावा. बोटीत रेडिएटर-पंखा चालत नाही. इंजिनचं पाणी बोटीच्या तळाला बाहेरून जोडलेल्या पाइपातून फिरवायचं, म्हणजे तलावच रेडिएटर होतो. समुद्रात खाऱ्या पाण्याची वेगळी व्यवस्था लागते, कारण खारं पाणी थेट इंजिनात घेतलं तर ते आतून खातं. हे जमण्यासारखं होतं.

दुसरं, धक्का. ट्रकमध्ये शाफ्ट फक्त फिरतो. बोटीत पाण्यातला पंखा बोटीला ढकलतो, आणि ते सगळं ढकलणं शाफ्टवरून मागून पुढे येतं. ट्रकचा गिअरबॉक्स असा जोर सहन करायला बनलेला नाही. मध्ये धक्का झेलणारं बेअरिंग हवं, नाहीतर काही महिन्यांत गिअरबॉक्स बोंबलणार. हेही खर्च करून जमलं असतं.

तिसरं, आराम. "तुमचा ट्रक नागपूरला जातो," मामू म्हणाले, "चढावर जोर लावतो, उतारावर श्वास घेतो. पाण्याला उतार नसतो." बोटीचं इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत चढावरच असतं. पंख्याचे फेरे दुप्पट करायचे तर ताकद जवळपास आठपट लागते. म्हणून बोटीसाठी बनवलेली इंजिनं मुद्दाम कमी ताकदीवर चालवतात.

भाईजान ऐकत होते. त्यांना वाटलं, चला, तीन कामं आहेत, करून टाकू. "ताकद तर भरपूर आहे ना मामू? स्पीड तर मिळेल?"

मामू हसले. बोट सुरू करायला सांगितली आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबायला लावला. इंजिन गर्जलं. बोटीचा मागचा भाग पाण्यात बसला, नाक वर झालं, मागे मोठी लाट उठली. आणि बोट जेवढी चालत होती तेवढीच चालत राहिली. अशी पाणी कापत जाणारी बोट स्वतःच एक लाट तयार करते आणि तिच्याच चढावर अडकते. वेगाची ही मर्यादा इंजिनवर नाही, बोटीच्या लांबीवर ठरते. आमच्या चोवीस फुटांच्या बोटीला ती ताशी बारा किलोमीटरच्या आसपास. तिथपर्यंत न्यायला वीसएक घोड्यांचं छोटं इंजिन पुरलं असतं. बाकीची सगळी ताकद पाणी ढवळण्यात जाणार.

इथपर्यंत सगळा पैशाचा हिशेब होता. पुढचा पैशाचा नव्हता.

मामूंनी बोट काठाजवळ थांबवली. आम्हा सहा जणांना एका बाजूला उभं केलं, आणि एकदम मध्ये या म्हणाले. बोट एका बाजूला कलली. आम्ही मध्ये आलो. ती हळूहळू सरळ झाली. थोडी दुसरीकडे गेली. पुन्हा हळूहळू परत आली.

"देखा?" मामू अब्बांना म्हणाले.

मला काही दिसलं नव्हतं. बोट परत आली होती, झोपाळ्यासारखी, छान वाटलं होतं. मामूंनी समजावलं. जी बोट झटकन सरळ होते, प्रवाशाला हिसका देते, ती सुरक्षित. जी आळसावून, विचार करत सरळ होते, तिच्यापासून सावध. तिचं वजन वर गेलेलं असतं. एक दिवस ती विचार करता करता परतच येणार नाही.

वजन वर का गेलं? ६९७ गिअरबॉक्ससकट चारशे किलोच्या पुढे. सात माणसं एकावर एक रचून ठेवल्यासारखी. त्यात ट्रकच्या इंजिनचं ऑइलचं चेंबर खोल, म्हणून इंजिन उंच पायावर ठेवावं लागलं होतं. वर पत्र्याचं छत. वर झालर. त्याखाली वीस माणसं. आणि ती माणसं सहलीची. समोर एखादा पक्षी उडाला की सगळी एका बाजूला धावणार, फोटो काढणार.

"लाइफ जॅकेट घेऊ," भाईजान म्हणाले. "माणसं बसवून ठेवू. इंशाअल्लाह काही होणार नाही."

अब्बा तोपर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "इंशाअल्लाह आपल्या हातातलं सगळं करून झाल्यावर म्हणायचं असतं बेटा. नट सैल ठेवून नाही."

मामू तिसऱ्या दिवशी परत गेले. जाताना सांगून गेले: छत काढा, इंजिन काढा, लहान इंजिन बसवा, तळाशी वजन घाला, मग मला बोलवा. भाईजानकडे या सगळ्याला पैसे नव्हते आणि वेळ तर नव्हताच. २६ जानेवारी आठ दिवसांवर. भागीदार म्हणाला, तलावात कोण विचारतो? विचारणारं खरंच कुणी आलं नव्हतं. कायदा तेव्हाही होता, १९१७ पासून होता. इंजिनवर चालणाऱ्या नौकेची तपासणी आणि नोंदणी त्यात होती. पण समुद्रापासून इतक्या दूर, गावातल्या तलावावर, कायदा कुणाला आठवतो? भाईजाननी ठरवलं, एवढा एक दिवस जाऊ दे. पाहुण्यांना एक फेरी मारून आणू. नंतर सगळं बदलू.

अब्बांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी फजरनंतर सायकल काढली, तलावावर गेले आणि दुपारी परत आले. कॅरिअरवर जुन्या लुंगीत बांधलेली एक जड वस्तू होती. डिझेल पंप. पंप काढला की इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. त्यांनी तो शेडमधल्या फळीवर ठेवला, हात धुतले आणि जेवायला बसले.

भाईजान संध्याकाळी आले. त्या वेळी जे बोलणं झालं ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की अब्बांचा आवाज एकदाच चढला. "वीस लोक तुझ्यावर भरोसा ठेवून बसणार. सवारी अमानत असते. माझ्या हाताने बसवलेलं इंजिन आहे ते."

भाईजान म्हणाले, "तुम्हाला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही."

२६ जानेवारी २०१० ला बोट निघाली नाही. आलेले पाहुणे काठावर उभे राहून परत गेले. भागीदार तुटला. बोट पुढे कापून किलोच्या भावाने विकली, म्हणजे दुसऱ्या कुणी ती पाण्यात घालू नये. इंजिन शेडमध्ये आलं. भाईजान नागपूरला गेले, एका ट्रान्सपोर्टमध्ये लागले. अम्मीचे कंगन सोडवायला अब्बांना तीन वर्षं लागली. तेव्हा त्यांचं वय साठीच्या पुढे होतं, आणि रात्रीचीही कामं ते घ्यायला लागले होते.

भाईजान ईदला यायचे, सलाम करायचे, शीरखुर्मा खायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. शेडकडे जायचे नाहीत.

मला तेव्हा वाटायचं, अब्बांनी जरा जास्तच केलं. एक फेरी. एकच दिवस. बहुतेक काहीच झालं नसतं. आजही मला तसंच वाटतं, बहुतेक काहीच झालं नसतं. पण वयाबरोबर एक गोष्ट कळली. "काहीच झालं नाही" हाच पुढच्या फेरीचा परवाना होतो. पहिल्या दिवशी निघालेली बोट दुसऱ्या दिवशी कोण थांबवणार होतं? गल्ल्यात पैसे आल्यावर कोण लहान इंजिन घेणार होतं?

९ जुलै २०१७ ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटली आणि सहलीला गेलेले तरुण बुडाले. त्या अपघाताचा आमच्या बोटीशी काही संबंध नाही. पण दुसऱ्या दिवशी अब्बांनी ते वर्तमानपत्र वाचलं, घडी केली आणि कुणाला काही न बोलता शेडमध्ये जाऊन बसले.

अब्बा २०१९ मध्ये गेले.

१८ डिसेंबर २०२४ ला दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. प्रवासी बोटीवर शंभरावर माणसं होती. पंधरा जणांचा जीव गेला. नौदलाच्या बोटीवर इंजिनची चाचणी सुरू होती आणि इंजिनातल्या बिघाडामुळे तिच्यावरचा ताबा सुटला, असं अधिकृतपणे सांगण्यात आलं. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. सरळ जाणारी बोट अचानक वळते आणि थेट येऊन धडकते.

त्या रात्री अकराला भाईजानचा फोन आला. मला वाटलं, कुणाची तब्येत बिघडली. "टीव्ही बघितला?" म्हणाले. बघितला म्हणालो. मग बराच वेळ दोघंही गप्प. शेवटी म्हणाले, "ते शेडमधलं इंजिन आहे ना अजून?"

"आहे."

"विकू नको."

एवढंच. फोन ठेवला.

मी पुष्कळदा विचार करतो, की त्या दिवशी मामू नसते तर? अब्बांना थंडाव्याची अडचण दिसली होती, ती त्यांनी कशीही सोडवली असती. तोल त्यांना कळला नसता. उस्ताद असूनही कळला नसता, कारण तो वेगळ्या कामाचा इल्म. आपण आपल्या कारागिरांचं कौतुक करतो, करायलाच हवं. पण अब्बांचं मोठेपण त्यांना सगळं येत होतं यात नव्हतं. आपल्याला हे येत नाही, हे कबूल करून त्यांनी रात्री फोन उचलला, यात होतं. आणि प्रत्येक तलावावर एक मामू विदर्भ एक्स्प्रेसने येऊ शकत नाही. मामूंनी सहा माणसं एका बाजूला उभी करून जे पाहिलं, तेच पाहण्यासाठी तपासणी असते. १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्यातही ती आहेच. ज्यांच्याकडे मामू नाही त्यांच्यासाठी तो कागद आहे. म्हणून यापुढे कुठल्याही तलावावर बोटीत बसताना तिकिटाच्या आधी तो कागद मागा. मागताना लाज वाटली तर माझ्या अब्बांना आठवा, ते स्वतःच्या मुलासमोर लाजले नाहीत.

यंदाच्या रमजान ईदला भाईजान आले ते संध्याकाळच्या गाडीने गेले नाहीत. शीरखुर्मा झाल्यावर म्हणाले, शेडची चावी दे.

आम्ही ताडपत्री काढली. पंप फळीवर त्याच लुंगीत होता. भाईजाननी लुंगी सोडली नाही, फक्त वरून हात फिरवला. मग इंजिनकडे वळले. "जाम झालं असेल," म्हणाले. "पंधरा वर्षं झाली."

मी कोपऱ्यातला लांब पाना आणून त्यांच्या हातात दिला. अब्बा दर महिन्यातल्या एका जुम्म्याला नमाजनंतर इथे यायचे, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचे आणि या पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. ते गेल्यावर मी फिरवत आलो.

भाईजाननी पाना लावला आणि जोर दिला. इंजिन फिरलं.